मावशींच्या मुठीची मोहीम

वाचणारांस उदंड आयुष्य असो, आणि त्यांची मनगटे शाबूत असोत. खुर्च्यांच्या कारखान्यात मावशींच्या हाताकरितां जी थोर मोहीम जाहली, तिचे वर्तमान साद्यंत लिहून ठेवावे ऐसा हुकूम जाहला, त्यावरून हे लिहिले. आम्ही खोटे लिहीत नाही. मालकांची बाजू लंगडी पडेल तेथे अंमळ सावरून लिहितो, इतकेच. पदरी चाकरी आहे, काय करणार!

ते समयी मालक वडिलार्जित तख्तावर, म्हणजे दाराजवळच्या एक चाक मोडलेल्या खुर्चीवर, विराजमान होते. कारखान्यात कचेऱ्यांतील साहेबलोकांकरितां खुर्च्या होत. त्यांत बसले असतां पाठ दुखू नये आणि मान अवघडू नये आणि कोपरास टेकू मिळावा, ऐसी त्यांची कीर्ति. त्या करणारांची पाठ, मान आणि कोपर यांची वास्तपुस्त मात्र कोणी करीत नसे. या फौजेत अव्वल शिलेदार म्हणजे मावशी. थोरल्या मालकांच्या अमदानीपासून बैठकीस कापड चढविण्याचा हुद्दा त्यांजकडे बहाल होता. खडूच्या रेघेवरून मोठ्या कात्रीने कापड कापावे, मग ते फोमवर ताणावे, आणि मग स्टेपल गन मुठीत आवळून पिना मारीत जावे, ऐसा शिरस्ता. मावशींनी दुमडलेल्या कोपऱ्यास सुरकुती म्हणून पडत नसे.

पुढे मावशींच्या हातावर गनीम चालून आला. अगोदर बोटांस मुंग्या आल्या, मग अंगठा बधिर पडला, आणि मग भर दुपारी चहाचा कप हातून निसटून मालकांच्या पायाशी फुटला. मावशी म्हणाल्या, कप ओला होता. डॉक्टरसाहेबांकडे रवानगी जाहली. त्यांनी फर्माविले की हत्यारे बदला, हातास थोडा आराम द्या, न ऐकाल तर मूठ वळणे बंद होईल आणि मग कापड तर राहोच, सदऱ्याचे बटण लावणेही होणार नाही. कोणता हात, हे मालकांनी पुसले नाही. हात म्हणजे उजवा, हे तर सर्वांस ठाऊकच.

मावशींच्या घरी अंथरुणास खिळलेली थोरली बहीण, आणि मिळवत्या त्या एकट्या. भय पोटापाण्याचे होतेच. परंतु त्याहून मोठे भय निराळे. त्या मालकांस एवढेच बोलल्या, "मला झाडू देऊन कोपऱ्यात नका बसवू हो. काम करू द्या." मालकांचे लहानपण त्यांच्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळण्यात गेले होते. त्यांस गहिवर आला. तो लपविण्याकरितां ते पंख्यावर खेकसले.

मग पहिली स्वारी हत्यारांच्या दुकानावर निघाली. या घराण्याची चाल ऐसी की, कोणतेही हत्यार मालकांनी दस्तुरखुद्द मुठीत धरून पाहावे आणि "बसली!" म्हणावे, म्हणजे ते सर्वांच्या मुठीत बसले. मालकांचा पंजा म्हणजे सुपाएवढा. त्यांनी दुकानातील सर्वांत जाडजूड विजेची गन उचलली, हवेत फिरविली, "बसली!" ऐसी गर्जना केली, आणि वाजतगाजत कारखान्यात आणिली. मावशींनी ती दोन्ही हातांनी उचलली. खटका इतका लांब की बोट पोहोचेना, आणि वजन इतके की खांदा खाली येऊ लागला. तरी मावशी छान आहे म्हणाल्या, आणि आठवडा सरतो न सरतो तोच मनगट सुजून फुगले. ही शिकस्त नव्हे. मालकांनी गनिमाचा अंदाज घेतला, ऐसे लिहावे ऐसे आम्हांस सांगण्यात आले आहे.

रात्रीच्या जेवणास ही हकीकत मालकांच्या कुटुंबाच्या, म्हणजे वहिनीसाहेबांच्या, कानी गेली. त्या पोळी वाढतां वाढतां बोलल्या, "उद्या माझ्यासाठी बांगड्या आणाल, तर स्वतःच्या मनगटात घालून बघाल का?" मालकांनी घास खाली ठेविला आणि आपले मनगट निरखून पाहिले.

त्यांतून दुसरा मनसुबा निघाला, आणि तो मालकांनी कमालीचा गुप्त राखिला. खिडकीच्या काचा बसवायची मऊ लांबी, म्हणजे पुटी, बिस्किटांच्या डब्यात थापून ते मावशींसमोर उभे ठाकले आणि म्हणाले, "मावशी, हात द्या बघू." कशाकरितां, हे सांगितले नाही; सांगतील तर गुप्त मसलत कसली! मावशी पडल्या रीतीच्या. मोठ्यांपुढे, देतां घेतां, डावा हात पुढे करू नये, हे त्यांस लहानपणी फटके देऊन शिकविले होते. त्यांनी उजवा हात दिला. मालकांनी तो लांबीत दाबिला, आणि डबा उराशी धरून दुकानी कूच केले.

तेथे मालकांनी डबा गल्ल्यावर मांडिला. एकेक गन त्या ठशात निजवून पाहिली, एकेक कात्री त्यावर ठेवून पाहिली. दुकानदार म्हणाला, "अहो, ज्यांचा हात आहे त्यांनाच आणायचं ना." मालकांनी त्यास जरबेने गप्प केले. अखेर ठशाबरहुकूम हलकी गन आणि देखणी कात्री घेऊन स्वारी परतली, आणि तो विजय पाहण्यास वहिनीसाहेब मुद्दाम आल्या.

मावशींनी गन उचलली, आणि ती डाव्या हाती घेतली. खटका मोकळा करायची कळ उजव्या अंगठ्याच्या बाजूस होती; तीपर्यंत पोहोचण्याकरितां मावशींनी मनगट असे मुरगळले की पाहणारास कळ यावी. वहिनीसाहेब ओरडल्या, "अहो! मावशी डावखुऱ्या आहेत!"

मालक एकदा हाताकडे पाहत, एकदा डब्याकडे पाहत. ज्या टेबलाखाली ते लहानाचे मोठे जाहले, त्यावर कोणता हात चालतो हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. कोपरे पाहिले होते. कोपऱ्यांची तारीफ केली होती.

"बोलला का नाहीत मावशी?"

"लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं. जोर लावायचा तेवढा डावा येतो," मावशी ओशाळून म्हणाल्या. "आणि हत्यारं तर सगळी अशीच असतात. त्यात काय सांगायचं?"

येथे मालकांची बाजू सावरून घेण्यास आम्हांस जागा सापडत नाही. ते खुर्चीवर बसावयास गेले, ती बैठक न चढविलेली निघाली, आणि ते सांगाड्यात अडकले. एरवी हशा पिकला असता. त्या दिवशी कोणी हसले नाही.

मग तिसरी स्वारी. टेम्पोत पुढच्या जागी मावशी, आणि मागे, फोमच्या गठ्ठ्यावर, खुद्द मालक. दुकानात मावशींनी प्रत्येक हत्यार आपल्या डाव्या मुठीत धरिले, आणि मालकांनी तोंड मिटून धरिले, जे त्यांस फार जड गेले. दोन्ही हातांस चालेल ऐसी हलकी हवेची गन निघाली, बोटाच्या टोकानेच सुटणारी. ती टेबलाच्या वर छतास स्प्रिंगने टांगावी, म्हणजे भार छतावर जाईल आणि हातावर येणार नाही, ऐसे ठरले. मग दुकानदाराने माळ्यावरून धुळीने माखलेला खोका काढिला, आणि त्यात डावखुऱ्यांची कात्री होती.

डॉक्टरसाहेबांनी फर्माविलेला आराम संपवून, मनगटाची सूज उतरल्यावर मावशी टेबलाशी आल्या. कापडावर खडूची रेघ आखिली, कात्री लाविली, आणि दोन बोटे कापड कापून एकाएकी थांबल्या.

मालक तख्तावरून धडपडत उठले. "दुखतंय का?"

"नाही रे बाळा," मावशी म्हणाल्या. मालक म्हणावयाचे त्या विसरल्या होत्या. "रेघ दिसतेय. जुन्या कात्रीचं पातं नेहमी रेघेवर आडवं यायचं."

"मग इतकी वर्षं कापत कशा होता?"

"अंदाजानं."

मालकांनी तोंड फिरविले आणि पुनः पंख्यावर खेकसले. पंखा त्या दिवशी बंदच होता.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, आणि हुकूम सुटला की यापुढे हत्यार ज्याचे त्याने आपल्या मुठीत पाहावे, मालकांनी "बसली" म्हणू नये. लांबीचा डबा वहिनीसाहेबांनी तख्तासमोर मांडून ठेविला आहे, तो हलविण्याची मालकांस मुभा नाही. संध्याकाळी मालक टेबलाशी येऊन म्हणतात, "मावशी, हात बघू." आणि मावशी डावा पुढे करितात.