कोपरापर्यंत हात

उमाटेकाका आमच्याकडे आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा रेग्युलेटर बंद करायचे. वर चहा उकळत असो, नाहीतर कुकरची शेवटची शिट्टी व्हायची असो. मग खुर्चीत बसून म्हणायचे, "हं, बोला आता." आता काय बोलणार, कप्पाळ! पाहुण्यालाच चहा नाही.

वर्ध्याजवळ सिंदी मेघेत आमची भिंतीला भिंत होती, म्हणून त्यांची सगळी कुंडली मला पाठ. आयटीआय करून आधी वायरमन, मग तळेगावला दोन वर्षं मास्तर, मग एका जिनिंगमध्ये सुपरवायझर. तिथे एकदा कापसाच्या गंजीला आग लागली. यांनी वरून पाणी मारलं, 'विझली' म्हणून सांगितलं आणि घरी येऊन जेवायला बसले. कापूस आतल्या आत धुमसत होता. हात धुवायच्या आत सगळी गंजी पेटली.

तेव्हापासून हा माणूस आगीच्याच मागे लागला. नागपूरला जाऊन आगीचा कोर्स केला, चाळिशीत बीए झाले, कायद्याचंही एक वर्ष करून पाहिलं. शेवटी जिल्हाभरच्या जिनिंगवाल्यांना आग कशी टाळायची ते शिकवणारे साहेब झाले. शिकवण एकच, गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा. "वरून थंडच दिसते जी. आतून पाहा."

सवय अशी जडली की आम्ही उन्हात टाकलेल्या गाद्यांतही हात खुपसायचे. माझ्या स्कूटरची सीटसुद्धा सोडली नाही. काकू हसून माझ्या बायकोला म्हणायच्या, "साऱ्या जिल्ह्याच्या कापसात हात घालते हा माणूस. माह्या कपाळाले नाई लावला कधी."

त्या पावसाळ्यात काकूंना ताप येत होता. काकांना हिंगणघाटला चार दिवसांचं शिबिर घ्यायचं होतं. निघताना त्यांनी दारातूनच विचारलं. काकू पदर खोचून भाकरी थापत होत्या, म्हणाल्या, "बरी आहो मी. जा तुमी." आत येऊन गॅस बंद करायचा मात्र ते विसरले नाहीत. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं आणि आमच्याच फोनवरून मी त्यांना बोलावून घेतलं. ते पोचले तेव्हा काकू गेल्या होत्या. काका रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वरून बरी दिसली जी मले."

राख सावडायला आम्ही पवनारला धाम नदीच्या काठी गेलो. राखेवर पाणी मारायचं म्हणून मी नदीतून घागर भरून आणली. बघतो तर काका बाही सारून खाली बसलेले आणि राखेत कोपरापर्यंत हात. मला वाटलं, झालं, इथेही सुरू केलं यांनी. मी घागर वाकवली तसं त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"थांबा. आतून गरम आहे अजून."

"म्हणून तर पाणी मारायचं ना, काका."

"राहू द्या जी थोडा वेळ," ते म्हणाले आणि राखेतला हात काही त्यांनी काढला नाही.

मी घागर खाली ठेवली. मला रडू आवरेना. ऊन चांगलं वर येईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.