सुनेची पोळी आणि चाळीचा ठराव

माझी सून पद्मजा वाळत चालली, तेव्हा गिरगावातल्या आमच्या चाळीच्या समितीने माझी चौकशी लावली. समिती मुळात निघाली संयुक्त महाराष्ट्रासाठी. पण मोर्चा काही रोज नसतो आणि ठराव करायची खाज मात्र रोजची.

चिटणीस श्यामकांत वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसला. "जाईमावशी, सुनेला पोटभर मिळतं का?"

"तिलाच विचार की मेल्या! तोंड आहे तिला."

पद्मजा म्हणाली, "सकाळी चार पोळ्या, रात्री चार. वर तूप."

"दबावाखालची जबानी," असं पुटपुटत त्याने लिहून घेतलं.

मग मी तिचं पान गॅलरीतच मांडलं. अख्ख्या मजल्याने पोळ्या मोजल्या. पोरगी समितीसमक्ष आठ खायची आणि महिन्याला दोन शेर उतरायची. काटा कोळशाच्या वखारीतला.

शेवटी तिला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, पोटात गेलं ते अंगी लागलंच असं नाही. लहान आतडं वीसेक फूट लांब. त्याला आतून मखमलीसारखी लव असते. पचलेल्या अन्नातलं सत्त्व ती लव शोषते नि रक्तात सोडते. हिची लव गव्हाने झडलीय. पोळीचा तुकडासुद्धा द्यायचा नाही. भात द्या."

म्हणजे समितीसमोर जेवली, तेवढी जास्त वाळली!

पोळी बंद केली. चौथ्या दिवशी जिन्यात घोषणा: "सुनेला पोळी मिळालीच पाहिजे!" मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

"ही इंग्रजीत आहे," श्यामकांत म्हणाला. "समितीचं कामकाज मराठीत चालतं."

"मग आतड्यालाच विचार."

"हजर करा."

माझ्या निषेधाचा ठराव एकमताने झाला. शेजारच्या राधाबाईने पदराआडून पद्मजाला पोळी दिली. मी ती चार जणांदेखत हिसकावून घेतली. झालं! आणखी एक ठराव.

तीन महिन्यांत पद्मजाचे गाल भरले. लगेच सभा. समितीच्या रेट्यापुढे सासू नमली म्हणून श्यामकांतला हार घातला. पद्मजा उठून म्हणाली, "अहो, पोळी सोडली म्हणून बरी झाले. सासूबाईंनी वाचवलं मला."

"बिचारी! अजून घाबरते," राधाबाईने डोळे पुसले. टाळ्या पडल्या.

हे सगळं जसंच्या तसं लिहिलंय. तरी सासूच सांगतेय, सुनेची बाजूही ऐकायला हवी, असं तुमच्या मनात आलंच असेल. ती दोनदा बोलली की वर. ऐकलंत?