सासूबाई फाटकात

"माझ्या वाटेवरून तान्हं पोरसुद्धा रोमन स्नानगृहापर्यंत रांगत जाईल!" ऑबरी पिल्चर हे वाक्य पबमध्ये इतक्यांदा बोलला होता, की तो तोंड उघडायच्या आत लोक आपापले ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

तसं काम झालं होतं खरं. हॅगवुडच्या रानातून रोमन किल्ल्याशेजारच्या पडक्या स्नानगृहापर्यंत ऑबरीच्या कमिटीने सपाट, गुळगुळीत वाट बांधली होती. 'सर्वांसाठी खुलं रान' हे बक्षीस दर वर्षी शेजारचं गाव आपल्या बदकांच्या तळ्यावर मारून न्यायचं. हल्ली ऑबरीला बदक दिसलं तरी पित्त उसळायचं. यंदा बक्षीस आणायचंच, नाहीतर अध्यक्षपद सोडायचं, असं तो भर सभेत बोलून बसला होता.

कमिटीतले सगळे धडधाकट. चाकाच्या खुर्चीचा अनुभव यावा म्हणून खजिनदार कर्नल फेन यांनी बटाट्यांचं पोतं ढकलगाडीत घालून वाटेवरून फिरवलं होतं. बटाट्यांची काही तक्रार नव्हती.

परीक्षक बाई यायच्या दिवशी मात्र खुर्चीतलं खरं माणूस हवं होतं. ऑबरीने सासूबाईंना आणलं. मिसेस हेस्टर क्लेग विजेच्या खुर्चीतून मोठ्या दिमाखात निघाल्या आणि वाटेच्या तोंडाशी असलेल्या फाटकात शिरल्या. गुरं बाहेर राहावीत आणि माणसं एकेक करून आत जावीत, असं ते झुलतं फाटक. खुर्चीसाठी ते किल्लीने आणखी उघडायचं. किल्ली नाही म्हटल्यावर खुर्ची मधोमध अडली, पुढे जाईना.

"जावईबापू, अहो, ती किल्ली..." सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही मुळीच त्रास घेऊ नका, आई! फेन, किल्ली कुठाय?"

"सभागृहात. वरच्या मजल्यावर."

"खुर्चीवाल्यांची किल्ली वरच्या मजल्यावर?"

"सुरक्षित राहावी म्हणून!" असं म्हणून कर्नल गुडघा चोळत निघाले.

"मी काय म्हणते, माझ्या..."

"आई, हवा किती छान आहे बघा!"

"मग निदान मागे तरी घेते."

"छे छे! परीक्षक बाई येतील आणि तुम्ही उलट्या निघालेल्या? काय दिसेल ते!"

एवढ्यात कुत्रा घेऊन एक जोडपं आलं. पुढे माणसं थांबलेली दिसताच तेही मुकाट्याने मागे उभं राहिलं. मग शिक्षिकांचा एक घोळका आला, तोही उभा राहिला. मग आणखी कोण, मग आणखी कोण! कुणी कुणाला विचारलं नाही. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी असणारच, आणि काय आहे ते विचारणं म्हणजे शुद्ध असभ्यपणा. बघता बघता रांग गाड्यांच्या तळापर्यंत पोचली. थर्मास उघडले, बिस्किटं फिरली. ऑबरी टाचा उंचावून रस्त्याकडे बघत होता. परीक्षक बाईंचा पत्ता नाही!

बऱ्याच वेळाने कर्नल घामाघूम होऊन परतले. "सभागृहाला कुलूप. त्याची किल्ली पाद्रीबाबांकडे. पाद्रीबाबा स्पेनला!"

"तरी मी मघापासून..." सासूबाईंचा आवाज चढला.

"आई, प्लीज! मला विचार करू द्या!"

तेव्हा रांगेच्या शेपटाकडून रेनकोट घातलेली एक काटकुळी बाई सतरांदा 'सॉरी' म्हणत पुढे आली. थेट खुर्चीपाशी वाकून तिने विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

"देवा! कुणीतरी विचारलं!" सासूबाईंनी पर्स उघडली. "अहो, खुर्चीवाल्यांच्या फाटकांची नि संडासांची कुलपं सगळीकडे सारखीच असतात. ही किल्ली आम्ही खुर्चीवाले घरातून निघताना घेतोच. नाहीतर रस्त्यात संडासाचं दार कोण उघडणार, माझा जावई?"

खट्! फाटक उघडलं. रांगेने बेताच्या टाळ्या वाजवल्या.

"मी इमोजेन रॅडली, परीक्षक," काटकुळी बाई म्हणाली. "केव्हाची रांगेत उभी आहे. मला वाटलं, तिकिटाची असेल."

ऑबरीच्या पायाखालची गुळगुळीत वाट सरकली. "मग... बक्षिसाचं?"

"ते मी या बाईंना विचारूनच ठरवीन. चला बाई, स्नानगृह बघू." दोघी झाडांतून पुढे निघाल्या.

ऑबरीच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण सासूबाईंच्या तोंडून त्याच्याविषयी बरा शब्द म्हणून निघाला नव्हता! त्यांना आधी गाठायलाच हवं होतं. तो फाटकात घुसणार तोच कुत्रेवाल्या गृहस्थांनी खाकरून म्हटलं, "माफ करा हं, इथे रांग आहे."

"अहो, मी अध्यक्ष आहे!"

"असाल की. आम्ही मघापासून उभे आहोत."

शिक्षिकांचा अख्खा घोळका त्याच्याकडे नुसता बघत राहिला. त्या नजरेपुढे इंग्रज माणसाचं काय चालणार? ऑबरी 'सॉरी' म्हणाला आणि मान खाली घालून पार गाड्यांच्या तळापाशी जाऊन उभा राहिला.

रानात वारा पडला होता. स्नानगृहाकडून परीक्षक बाईंचा प्रश्न काही नीट ऐकू आला नाही. सासूबाईंचं उत्तर मात्र साऱ्या रांगेने ऐकलं.

"जावयाविषयी? बसा त्या दगडावर निवांत. अगदी साखरपुड्यापासून सांगते!"