बिराजदार सर आणि देणारं कार्ड

बिराजदार सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक पेचकस असतो. लग्नाला गेले तरी असतो. माझ्या घराच्या वास्तुशांतीला आले, तर कुणीतरी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, पेच काढले, आत डोकावले आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "लेबल जपानी हाय. आतून न्हाई." घड्याळ देणारा माझा सख्खा मावसभाऊ. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मी लातुरात क्लासच्या पोरींची मेस चालवते. वर खोल्या, खाली जेवण. किनवट, देगलूर, कुठून कुठून पोरी येतात डॉक्टर व्हायला. सर शेजारी पत्र्याच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतात, एकटेच. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता रिटायर. स्लॅबखाली झोपत नाहीत. भूकंपातल्या गावचे आहेत, त्यामुळं त्याचं कुणाला नवल नाही. आमच्याकडं असे लई आहेत.

पण संशय! संशयाला काही माप असावं की नाही? दूधवाला आला की आधी त्यालाच घोटभर प्यायला लावतात. एकदा चौकातल्या बोर्डावर पहिल्या आलेल्या पोरीचा फोटो बघितला. तोच फोटो पुढच्या क्लासच्या बोर्डावर, तोच त्याच्या पुढच्या. झालं! सर प्रत्येक क्लासच्या काउंटरवर जाऊन विचारून आले, "ही एकच पोरगी एका टायमाला इतक्या ठिकाणी बसली कशी?" शेवटच्या ठिकाणी त्यांना पाणी विचारलं नाही, नुसता दरवाजा दाखवला. माझ्याकडं येऊन म्हणाले, "ताई, बाहेरचं वाचू नका. आतलं बघा."

त्यांच्या जुन्या कम्प्युटरवर चारचौघांसारखं विंडोज नाही. लिनक्स म्हणून काहीतरी आहे. त्याचं आतलं सगळं उघडं असतं म्हणे, कुणीही वाचावं, म्हणून ते सरांना पटतं. त्यावर पेंग्विनचं चित्र आहे. आमच्या भाकरी करणाऱ्या राधाबाई त्याला बदकाचा कम्प्युटर म्हणतात.

तर त्या बदकाला वायफाय काही जमेना. त्यासाठी नखाएवढं कार्ड मिळतं, कम्प्युटरला खोचायचं. सोपं वाटतं ना? सर सांगतात, डब्यावर नाव तेच, नंबर तोच, पण आतली चिप मात्र गुपचूप बदललेली असते. एक चिप लिनक्सला ओळखू येते, दुसरीकडं ते ढुंकून बघत नाही. मग सरांचं एकच सुरू झालं, "चिप कोणाची?" दुकानात विचारायचे, कुरिअरवाल्या पोराला विचारायचे. एकदा माझ्या मिक्सरकडं बोट दाखवून मलाच विचारलं. मी म्हटलं, "सर, चटणी वाटायचीय मला, चिप बघून काय करू?"

चिप बदलायच्या आधीचा जुना माल नांदेडात आहे असं कळलं, तर माणूस एसटीनं नांदेडला गेला. तिथला दुकानदार म्हणाला, "सर, खोललेला माल वापस होत न्हाई." सर म्हणाले, "न खोललेला मी घेत न्हाई." अख्खी दुपार दोघं समोरासमोर बसून राहिले. दुकानदारानं चहा मागवला, तर सरांनी चहापत्ती कुठली ते विचारलं. शेवटी त्या बिचाऱ्याच्याच मनात संशय भरला आणि सरांचाच पेचकस घेऊन तो स्वतःचा माल उघडत सुटला. हे सर मला मोठ्या खुशीत सांगत होते.

पण कार्ड आणलं म्हणजे झालं असं नव्हे. त्याला ड्रायव्हर लागतो. मला वाटलं, आता हे माणूस ठेवतात की काय! खिडकीतून बघावं तर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी पळतायत आणि सर हाताची घडी घालून त्यांच्यावर नजर ठेवून बसलेले. मध्येच "धत्तेरीकी!" म्हणायचे आणि कार्ड उपटून काढायचे. खरं सांगते, मला भ्या वाटायला लागलं. एकटा माणूस, कुणी येणं नाही, जाणं नाही, दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसून करतो तरी काय? पेपरात काय काय छापून येतं!

एका सकाळी पत्र्याखालून आरोळी आली, "चाललं! ताई, चाललं!" म्हटलं, सुटलो एकदाचे.

कसलं सुटलो! त्या आठवड्यापासून माझ्या पोरी संध्याकाळी सरांच्या भिंतीला टेकून बसायला लागल्या. ओळीनं, मान खाली घालून, हातात मोबाईल. मी जवळ गेले की गप्प. दुसऱ्याच्या लेकी सांभाळायचा धंदा आहे माझा. एक वेडंवाकडं झालं तर आईबाप मला उभं जाळतील, आणि जाळावंच. किनवटच्या सविताला कोपऱ्यात घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "काकू, सरांच्या वायफायला पासवर्डच न्हाई."

दूधवाल्यावर विश्वास न ठेवणारा माणूस वायफाय उघडं ठेवतो? मी तशीच पदर खोचून गेले.

"सर, पासवर्ड टाका. माझ्या पोरी तुमच्या भिंतीला बसलेल्या मला चालणार नाहीत. नाहीतर घरमालकाला सांगून खोली खाली करायला लावते."

सरांनी माझ्याकडं बघितलं. वाद नाही, काही नाही. म्हणाले, "खोली सोडतो, ताई. कुलूप न्हाई लावणार."

"अहो, का पण? असं काय सोनं आहे त्याच्यात?"

"महिना संपला की पोरींचा रिचार्ज संपतो. बापाचे पैसे येईपर्यंत घरी बोलता येत न्हाई. सविता पायरीवर रडत बसली होती. आई दवाखान्यात, आणि हिच्या फोनवरून फोन लागंना." मग म्हणाले, "कंपनीच्या बंद डब्यातनं, राउटरमधनं दिलं असतं. पण पोरी कोणाशी बोलतात ते त्या डब्याला कळायचं काय कारण? म्हणून हे कार्ड. ताई, दुसऱ्याचं वायफाय घेणारी कार्डं बाजारात लई हाईत. आपलं दुसऱ्याला देणारी चिप एखादीच असती. त्याच्यासाठी फिरत होतो."

मला वाटत होतं, यांना स्वतःला इंटरनेट पाहिजे! मी खाली बसले. सरांनीच पुढं सांगितलं, पेचकस बोटात फिरवत.

"आमच्या गावात एकच फोन होता, किराणा दुकानात. लोक फुकट लावतात म्हणून मालकानं डायलला बारीक कुलूप घातलेलं. त्या पहाटे सगळं गाव बसलं, दुकानाची ती एक भिंत राहिली. फोन चालू होता, ताई. कानाला लावला तर वाजत होता. मालक मातीखाली आणि चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला. मी दगड घेऊन कुलूप फोडायला गेलो, तर डायलच फुटला."

"मग?"

"माझी आई मातीखालून बोलत होती. पाणी मागत होती. मी मदतीला माणसं आणायला रस्त्याकडं पळालो. माणसं घेऊन आलो तवर ती बोलायची थांबली."

भिंतीपलीकडून सविताचा आवाज आला, "हाव आई, जेवले. तू गोळ्या घेतल्या का?" सरांनी बोट वर करून मला गप्प केलं आणि ऐकत राहिले. पोरगी हसली तसे तेही थोडे हसले.

माझ्या डोळ्यांना धार लागली. ते बघून सरांच्या कपाळावर आठी. "ताई, तुम्ही का रडता? खोली सोडावी म्हणून, का सोडू नये म्हणून?"

"सोडून बघा!" मी म्हटलं. "तंगडी मोडीन."

दुसऱ्या दिवशी मी पोरींना माझ्या ओट्यावर बसवलं, माझ्या नजरेसमोर, आणि सरांना म्हटलं, कार्डाचं तोंड इकडं करा. "तुमचा काय फायदा?" त्यांनी विचारलंच. पण केलं.

सरांचा रात्रीचा डबा माझ्याकडूनच जातो. पोरी बोलत असतात तोवर तो बंद असतो. शेवटच्या पोरीनं फोन ठेवला की मग पत्र्याच्या खोलीतून झाकण काढल्याचा आवाज येतो. मी इकडं माझं ताट वाढून बसलेली असते. तो आवाज येईपर्यंत हल्ली मलाही घास जात नाही.