व्हय ताई, करतो!

मी वाळूजला कारखान्यात मेंटेनन्समध्ये आहे. खोलीएवढ्या मशिनी माझं ऐकतात! मग घरातला एक नळ आणि एक मोटार माझं ऐकणार नाय का? असं मी भर जेवणात बायकोला विचारलं.

मंजुषा म्हणाली, "ऐकेल की. मी ऐकतेच ना!"

यात टोमणा होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा मी जोशात होतो.

कारण होतं आईचं. खुलताबादला सांडूमामाच्या प्रेरणाचं लग्न ठरलं. तारीख कळली तशी आई उठली आणि तिनं कॅलेंडरवर बोट ठेवलं. आमच्याकडं कॅलेंडरवर आधी पाण्याचा दिवस गोल करतात, सणवार नंतर! नेमका त्याच तारखेला गोल होता.

"तुम्ही दोघं जा," आई म्हणाली. "मी पाणी भरते."

"अगं, सख्ख्या भावाच्या लेकीचं लग्न!"

"मग? हौद काय भाऊ येऊन भरणारे?"

पाण्यापायी तिची मामाकडची वास्तुशांत हुकली होती, बहिणीच्या नातवाचं बारसं हुकलं होतं. आता ती कुरकुरली नाय, रडली नाय. फक्त लग्नासाठी काढलेल्या साडीची तिनं पुन्हा घडी घातली आणि ती कपाटात ठेवली. मला लई वाईट वाटलं.

मी ताटावरूनच जाहीर केलं, "आई, तू लग्नाला येणार! पाठवणीपर्यंत थांबणार! घराला कुलूप लावून जाऊ आपण. पाणी आपोआप भरंल!"

लागलो कामाला. माझ्या अटी चार. सगळा कारभार आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवर चालला पाहिजे. आपल्या हौदाची खबर परदेशात कशाला? वस्तूनं उगाच माझी माहिती विचारायची नाय. नेट गेलं तरी अडायचं नाय. आणि आईच्या एका हाकेला ओ दिली पाहिजे.

दिसायला सोप्या अटी, पण प्रेरणाला स्थळं पाहिली नसतील एवढे मी नळाला सेन्सर पाहिले! एका बल्बनं माझी जन्मतारीख मागितली. म्हटलं, पत्रिका जुळवायचीय का? एका स्विचला चालू होण्याआधी माझे सगळे फोटो बघायचे होते. एक व्हॉल्व्ह चांगला होता, पण नेट गेलं की तो रुसून बसायचा. सगळे नापास! शेवटी शहागंजातल्या एका दुकानात मनासारखा माल मिळाला. साधा, मुका, आज्ञाधारक.

दुकानदार चाचांनी माझी यादी वाचली. चष्मा वर केला.

"भाई, ये सब कायकू?"

"नळाला पाणी आलं की आपोआप भरायला."

"इत्ती मगजमारी कायकू करते? एक आदमी बिठाव नल के पास, हो गया!"

मी हसलो. जुन्या माणसांना नवीन गोष्टी कळत नाहीत, असं मला तेव्हा वाटत होतं.

पडदा फुटलेला जुना लॅपटॉप मी फ्रिजवर बसवला. तो झाला आमचा सर्व्हर! नळाला पाणी आलं की व्हॉल्व्ह उघडणार, हौद भरणार, मोटार लागणार, गच्चीवरची टाकी भरली की मोटार बंद. शेजारी एक कॅमेरा ठेवला, खिडकीतून हौदही दिसेल असा, म्हणजे फोनवरून घर दिसेल, ऐकू येईल, आणि बटण दाबलं की घरात बोलताही येईल. स्वयंपाकघराच्या खिडकीत माईक आणि स्पीकर.

"याला हाक काय मारायची?" मी आईला विचारलं.

"सांडू ठेव," आई लगेच म्हणाली. "माझा भाऊ एका हाकेला येतो."

मी मामाला फोन लावून त्याचाच आवाज भरून घेतला. आता आई काही ठरावीक वाक्यात बोलणारी बाई नाय. म्हणून मी सोय केली. एका वाक्यात 'सांडू' आणि 'पाणी' हे दोन शब्द आले की बास! आवाज कुणाचाही असो, शब्द कुठला आधी, कुठला नंतर, काही फरक नाय. मोटार बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. वर आणखी एक नियम घातला: आईचा शब्द सगळ्या सेन्सरच्या वर! टाकी भरलेली असू दे नाहीतर उतू जाऊ दे, आईनं सांगितलं म्हणजे सांगितलं.

आई खिडकीपाशी उभी राहिली. घसा साफ केला.

"सांडू, पाणी चढव रे बाबा!"

"व्हय ताई, करतो!" मामाचा आवाज आला आणि मोटार घूंऽऽ करून लागली. आईनं पदरानं डोळे पुसले. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

संध्याकाळी मंजुषा माठ भरत होती. आई सवयीनं म्हणाली, "हळू गं, पाणी सांडू नको!"

"व्हय ताई, करतो!" मोटार सुरू!

"वायर ढिली असंल," मी म्हणालो आणि एक स्क्रू पिळला.

मंजुषा म्हणाली, "अहो, पण..."

"तू नको त्यात पडू. हे टेक्निकल आहे!"

लग्नाच्या दिवशी कुलूप लावलं आणि निघालो. आई तीच साडी नेसली होती. खुलताबादला कार्यालयात पोचलो, तोच फोन वाजला: पाणी आलं! कॅमेऱ्यात हौद भरताना दिसत होता. मी सगळ्या पाहुण्यांना फोन दाखवला. एक आजोबा म्हणाले, "हे व्हिडिओ कुणीबी दाखवतं!"

मला राग आला. बोलायचं बटण दाबून ठेवायला नको म्हणून ते चालूच करून ठेवलं आणि इथून हुकूम सोडला, "सांडू, पाणी!" तिकडून "व्हय ताई, करतो!" आलं, मोटार लागली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मी रुबाबात फोन शर्टाच्या खिशात टाकला. बटण मात्र तसंच चालू राहिलं.

अक्षता पडल्या, पंगत बसली. भाचा म्हणून पाण्याचा जग माझ्याच हातात आला. सांडूमामा बुंदी घेऊन आग्रह करत फिरत होता. बँडवाले जीव तोडून वाजवत होते, आणि पंगतीत एकच गिल्ला!

"सांडूभाऊ, इकडं पाणी नाय आलं!"

"ओ सांडूराव, पाणी सांगा हो कुणाला तरी!"

"अरे पोरा, व्याह्यांच्या अंगावर पाणी सांडू नको!"

मी घामाघूम होऊन वाढत होतो. इतक्यात बँड थांबला आणि मंजुषा फोन घेऊन धावत आली.

"अहो, समोरच्या भामाकाकू! म्हणताहेत, मामा आपल्या घरात कोंडलेत!"

"कुठले मामा?"

"आपले! सांडूमामा!"

तिनं फोन स्पीकरवर टाकला. भामाकाकूंचा आवाज सगळ्या पंगतीत घुमला.

"अगं मंजुषा, घराला कुलूप घालताना आत बघायचं तरी! तुझे मामेसासरे आत राहिलेत! तुमची टाकी वाहतीय, रस्त्यावर ओढा झालाय. मी खिडकीतून ओरडले, सांडूभाऊ, पाणी चाललंय, मोटार बंद करा! तर म्हणाले, व्हय ताई, करतो. केली बंद. पुन्हा लावली! मी पुन्हा ओरडले. पुन्हा बंद, पुन्हा चालू! सारी गल्ली ओरडतीय. पोरीच्या लग्नाचा ताण डोक्यात गेलाय त्यांच्या!"

पंगतीत घास थांबले. वरपक्षात कुजबूज सुरू झाली, "मुलीचे वडील रुसून कुठंतरी कोंडून बसलेत म्हणे!" मुलीचे वडील त्यांच्यासमोरच बुंदीचा झारा घेऊन उभे होते!

मामानं फोन हिसकावला. "ओ काकू, मी सांडू! मी इथं मांडवात आहे! हा सांडू सांगतोय, ते पाणी बंद करा आधी!"

आणि माझ्या खिशातून, मामाच्याच आवाजात, उत्तर आलं, "व्हय ताई, करतो!"

मामाच्या हातातला झारा पडला. सगळी पंगत माझ्या खिशाकडं बघायला लागली. मंजुषानं कपाळाला हात लावला.

"अहो, वायर नाय ढिली! सांडू. पाणी सांडू नको. आपल्या घरात दिवसातून शंभर वेळा हेच तर बोलतात!"

मी फोन काढला. कॅमेरा बघितला. नळ कोरडा, हौद रिकामा, आणि वर चढवलेलं सगळं पाणी रस्त्यावर. आता पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत घरात थेंब नाय.

आईनं पिशवी उचलली. "चल, निघते मी. काय करता येतंय बघते."

"ताई, पाठवणी राहिलीय गं," मामा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुझ्या पोरीला माझे आशीर्वाद आहेत रे. पण पाणी..."

तेव्हा मात्र मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "आई, तू बस! तू पाठवणी करूनच यायचं. मी जातो."

गाडी काढली आणि थेट गल्लीत आलो. बघतो तर काय! ड्रम, पिंप, घागरी, बादल्या, एका घरचा तर लहान बाळाचा टब, सगळं काठोकाठ! आमच्या टाकीच्या धारेखाली गल्लीनं रांग लावून पाणी भरलं होतं.

मामाचं फोनवरचं 'मी मांडवात आहे' हे भामाकाकूंना ताणातलं बरळणं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "सुटले का सांडूभाऊ?"

"सुटले," मी म्हणालो. खरं सांगायला तोंड कुठं होतं?

तेवढ्यात आईचा फोन. "विश्वजीत, भरलं का रे पाणी?"

"भरलं, आई! लई भरलं!"

"आपलं?"

"...गल्लीचं."

पलीकडनं हसू आलं. आई हसत होती! मागं सनई होती, बायकांचा गलका होता, आणि माझी आई मोठ्यानं हसत होती. पाठवणीला ती प्रेरणाच्या गळ्यात पडून रडली, असं मंजुषानं रात्री सांगितलं. दोन दिवस आई मामाकडंच राहिली. इकडं गल्लीनं आम्हाला घागरी-घागरीनं पाणी परत दिलं. भामाकाकू प्रत्येक घागरीला बजावायच्या, "घ्या, तुमचंच आहे. पण सांडू नका!" फ्रिजवरचा सर्व्हर मी कायमचा बंद केलेला होता, तरी दरवेळी माझी नजर मोटारीकडं जायची.

आता आई पाण्याच्या दिवशी हटकून कुठंतरी जाते. कधी खुलताबाद, कधी बहिणीकडं. घरात नवीन यंत्रणा बसवलीय ना! संपूर्ण घरगुती. कसली माहिती विचारत नाय. जन्मतारीख तर आईला पाठच आहे. नेट गेलं तरी अडत नाय. शिफ्ट बदलून घेतली की नळाजवळ स्टूल टाकून दिवसभर चालते. शहागंजचे चाचा परवा दिसले, मी रस्ता ओलांडून पलीकडनं गेलो.

थांबा, फोन वाजतोय. आईचाच.

"विश्वजीत, पाणी आलं असंल बघ. मोटार लाव, आणि टाकी भरली की लगेच बंद कर बरं का!"

"व्हय आई, करतो!"