रिग्मोरची रुंदी

रिग्मोरच्या साठाव्या वाढदिवसाला बारा दिवस उरले असताना एगॉनच्या लक्षात आलं, की आपण मेहुणीला चेपली आहे. कापडावर, अर्थात.

एगॉन फेरीबोटीच्या इंजिनखोलीतून निवृत्त झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याचा तंबाखूचा पाइप सोडवला, आणि रिकामे हात कशात तरी गुंतावेत म्हणून बायकोने, बिर्थेने, त्यांत सुई दिली. भरतकामातल्या फुलीच्या टाक्यांत तो असा काही रमला, की साम्सो बेटावरच्या बायका अडलेले नमुने घेऊन त्याच्याकडे येऊ लागल्या. कारण साधं होतं. तो मोजायचा, आणि मोजून झालं की पुन्हा मोजायचा.

मेहुणीसाठी नमुनाही त्याने स्वतःच काढला होता. बेकरीच्या दारात एप्रन घालून उभी असलेली रिग्मोर, हातात पावांचा ट्रे. फोटोवरून आलेखाच्या कागदावर, चौकट न् चौकट भरून. हा नमुना होता भरतकामाच्या तयार, चौकोनी भोकांच्या कापडासाठी. बिर्थेने ते कापड बघून नाक मुरडलं.

"याच्यावर कॉफीच्या किटलीची टोपी करतात. माझ्या बहिणीला साठाव्या वर्षी हे देणार? आईने विणलेलं लिनन पडलंय की पेटीत!"

"लिननला चौकटी नसतात गं. धागे मोजावे लागतात."

"मग मोज. दिवसभर दुसरं करतोस काय?"

दोन धागे आडवे, दोन उभे, त्यांवर एक फुली. पाच आठवडे एगॉन त्या कापडावर डोळे लावून बसला. शेवटचा टाका घालून त्याने कापड भिंतीवर टाचलं, चार पावलं मागे सरकला, आणि तिथेच थांबला. रिग्मोर मुळातच अंगाने भरलेली. इथे ती पिंपासारखी झाली होती. दार ठेंगणं झालं होतं आणि पाव ताटलीसारखे पसरले होते.

बिर्थे हात पुसत आली. "हे काय?"

"रिग्मोर."

"ही रिग्मोर नाही. हिच्यावर कोणीतरी बसलंय."

"टाके बरोबर आहेत. एकशे चाळीस उभे, नव्वद आडवे. तीनदा मोजलेत."

"तिला काय टाके मोजून दाखवणार आहेस? पुन्हा आपल्या उंबऱ्याला पाय नाही लावायची ती!"

दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावला असता. एगॉनने भिंग आणि पट्टी आणली. पाच सेंटीमीटरमध्ये आडवे धागे किती, उभे किती? उभे भरले पन्नास, आडवे पासष्ट. असं कसं? त्याने कापडाचे चारही कोपरे मोजले. मग खिडकीचा पडदा मोजला. मग जेवता जेवता टेबलावरचं कापड.

"ताटाखालून हात काढ," बिर्थे म्हणाली. "मला जेवू दे."

दुसऱ्या दिवशी तो सायकल मारत गावातल्या किर्स्टीनबाईंकडे गेला. ऐंशी वर्षांच्या या बाईंचा सगळा जन्म मागावर गेला होता. त्यांनी डोळे मिटून कापड चाचपलं.

"तुझ्या सासूचं ना? बाण्याचे, आडवे धागे दाबून दाबून ठोकलेत. हे रागात विणलंय."

"कुणावरच्या रागात?"

"तुझा सासरा होता ना तेव्हा? मग झालं तर!"

"आणि उपाय?"

"कापड फिरवून आडवं धर. जेवढी फुगली, तेवढीच बारीक होईल."

एगॉनला ते पटेना. बारीक रिग्मोर म्हणजे तीही खोटीच. या कापडाच्या मापाने नमुना नव्याने आखावा, असं त्याने घरी सुचवलं.

"अकरा दिवसांत? एगॉन, 'मला बारीक का दाखवलंस' म्हणून भांडायला आलेली बाई अजून जन्मायची आहे. फिरव ते कापड!"

उरलेलं लिनन आडवं धरून दोघं पाळीपाळीने नव्याने भरायला बसली. सकाळी तो रिग्मोर भरायचा, दुपारी बिर्थे दार आणि पाव. सुया मोडल्या, बोलाचाली झाली, पण वाढदिवसाच्या सकाळी चित्र चौकटीत बसलं.

रिग्मोरच्या घरी टेबलावर छोटे झेंडे, मधोमध थरांचा केक, भोवती वीस माणसं. रिग्मोरने कागद सोडला. बेकरीच्या दारात एक उंच, सडपातळ बाई उभी होती. रिग्मोर बघत राहिली. मग तिने चित्र जवळ ओढलं.

"डॅग्नी," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. डॅग्नी ही या दोघींची मधली बहीण, वेतासारखी शिडशिडीत, समुद्रापलीकडच्या बंदरगावात राहणारी. अकरा वर्षांपूर्वी तिने भर पाहुण्यांत रिग्मोरच्या राय धान्याच्या काळ्या पावाला कच्चा म्हटलं होतं. तेव्हापासून या घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

"माझ्या दारात उभी केलीस तिला. माझा एप्रन घालून," रिग्मोर डोळे पुसत म्हणाली. "एवढ्या वर्षांत कुणाला धीर झाला नाही रे, एगॉन."

"पण ही—"

टेबलाखाली बिर्थेची टाच त्याच्या पायावर आली.

"ही... दोन धाग्यांवर भरली आहे," एगॉन म्हणाला.

रिग्मोर आतल्या खोलीत फोनकडे गेली आणि तिने दार लावून घेतलं. केकला कुणी सुरी लावेना. बऱ्याच वेळाने ती लाल नाकाने बाहेर आली. "येतेय. पुढच्याच बोटीने."

आणायला एगॉनला धाडलं. धक्क्यावर तो शिडशिडीत बाई शोधत उभा राहिला. माणसं उतरली, सायकली उतरल्या, कुणाचं तरी कुत्रं उतरलं. शेवटी कोटाची बटणं लागत नाहीत अशी एक घसघशीत बाई त्याच्यासमोर येऊन ठाकली.

"ओळखलं नाहीस ना? मी डॅग्नी."

एगॉनने तिची पिशवी घेतली. वळणापर्यंत त्याने कसंबसं तोंड मिटून धरलं.

"डॅग्नी, ते चित्र... म्हणजे ती तू..."

"रिग्मोर आहे ती. माहीत आहे मला."

"कसं काय?"

"फोनवर रडत म्हणाली, 'चित्रात माझ्या दारात, माझ्या एप्रनमध्ये किती गं बारीक दिसतेस!' तेव्हाच कळलं, ही काही मी नव्हे."

"मग आलीस कशी?"

डॅग्नीने कोट पोटावर ओढून बघितला, आणि सोडून दिला.

"बोट सुटायला पाऊण तास होता," ती म्हणाली. "विचार करत बसले असते तर चुकली असती."