दौलतभाऊंची हरकत

पाचोऱ्यात आमच्या आणि काकांच्या घराला मिळून एकच दार होतं, तेही गोणपाटाचं. आई आणि काकू जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायच्या. त्यांच्या केसांतली रुई काढणं हा आम्हा पोरांचा संध्याकाळचा अभ्यास. त्या घरातून शिकून बाहेर पडलेले माझे चुलतभाऊ, दौलतभाऊ, पुढे कुणाकडेही गेले की पाणी घेण्याआधी विचारत, "बाहेर पडायला दुसरं दार कुठंय?"

यजमानाला वाटे, पाहुणा आल्याआल्या पळायच्या बेतात आहे.

घरातले पहिले ग्रॅज्युएट दौलतभाऊ, दुसरा मी. त्यांच्या वेळी पेढे वाटले, माझ्या वेळी गूळ. असो. ते इंजिनिअर होऊन अणुवीज केंद्रात लागले. गावात "दौलत बाँब बनवतो" अशी कीर्ती झाली आणि सार्वजनिक नळावर आईशी भांडणाऱ्या बाया एकदम गोड बोलायला लागल्या.

बारा वर्षांनी ते सरकारच्या सुरक्षा तपासणीच्या खात्यात गेले. म्हणजे आधी अणुभट्टी चालवायचे, आता "चालवू नका" म्हणायचे. म्हणायची पद्धत ठरलेली : "माझी हरकत आहे." ती फक्त भट्टीपुरती राहिली असती तर माझी काही हरकत नव्हती. जळगावला माझ्याकडे आले की थेट स्वयंपाकघरात.

"शोभा, या कुकरची रिंग कधी बदलली?"

"शिट्टी वाजते की, भाऊ," माझी बायको म्हणाली.

"शिट्टी पोलीसही वाजवतो. रिंग कधी बदलली?"

"अहो, कुकर आहे हा, अणुभट्टी नाही!"

"अणुभट्टी परवडली. तिथली माणसं निदान घाबरतात."

त्या दिवशी आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. कुकर नवी रिंग येईपर्यंत माळ्यावर.

या हरकतीपायी त्यांचा एक माणूस मात्र तुटला. केंद्रातले त्यांचे जोडीदार सुकलाल, धुळ्याचे. एका ताटात जेवलेले दोघं. सुकलालच्या बायकोला, कमलताईंना, पाठचा भाऊ नव्हता. त्या दौलतभाऊंना राखी बांधत. दौलतभाऊंना मूलबाळ नाही, त्यामुळे सुकलालची मंगल जन्मली त्याच दिवशी ठरलं, हिच्या लग्नात मामा म्हणून दौलतच उभा राहणार. जातीबाहेरचा मामा सुकलालच्या भावकीला रुचला नाही. पण सुकलालनं भावकीला विचारलंच कुठं होतं!

मग तपासणी आली. मोठ्या दुरुस्तीनंतर भट्टी सुरू करायची होती, काम सुकलालच्या हाताखालचं, आणि परवानगीच्या कागदावर सही दौलतभाऊंची. एका झडपेची चाचणी राहिली होती.

"अरे, झडप ठणठणीत शे," सुकलाल आपल्या अहिराणीत म्हणाले. "मना शब्द शे."

"शब्दाला खात्यात रकाना नाही, सुकलाल. चाचणी घे. माझी हरकत आहे."

भट्टी आठवडाभर लांबली. सुकलालची बढती गेली. आणि चाचणी घेतली तेव्हा झडप खरंच ठणठणीत निघाली! सुकलाल तणतणत म्हणाले, "आता काय म्हणणं आहे, साहेब?"

"ती चांगली आहे हे मला आज कळलं. तेव्हा माहीत नव्हतं."

बोलणं तिथंच बंद झालं. पाच वर्षं.

मंगलचं लग्न धुळ्याला ठरलं तेव्हा पत्रिका आली नाही. कमलताईंचं पोस्टकार्ड आलं : ह्यांना माहीत नाही. मंगल विचारते आहे, मामा येणार ना.

दौलतभाऊ ते कार्ड घेऊन माझ्याकडे आले. स्वयंपाकघरात गेलेच नाहीत. "तू चल माझ्याबरोबर," म्हणाले. "त्यानं चारचौघांत तोंड फिरवलं तर मी काय करू?"

मोठमोठ्या साहेबांना तोंडावर नाही म्हणणारा माणूस. मी त्यांच्याबरोबर एसटीत बसलो.

मांडवाच्या कडेला आम्ही परक्यासारखे उभे. मुहूर्त जवळ आला आणि दौलतभाऊंची नजर माईकच्या वायरीवर गेली. वायरीला प्लगच नव्हता. उघड्या तारा सॉकेटात घालून त्या निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या खुपसल्या होत्या. शेजारी पाण्याचं पिंप, खाली चिखल, चिखलात पोरं.

"भाऊ, आज नको," मी हात धरला. "पाया पडतो."

त्यांनी हात सोडवला आणि मेन स्विच खाली ओढला. भटजींचा आवाज अर्ध्यात मेला. पंखे थांबले. एक फेटेवाला ओरडला, "कोन शे तो? भाईर काढा त्याले!"

गर्दीतून सुकलाल आले. दौलतभाऊ भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. "माझी..." एवढंच म्हणाले.

सुकलाल वाकले. सॉकेटातल्या काड्या पाहिल्या. चिखलातली पोरं पाहिली. मग मांडववाल्याकडे वळून म्हणाले, "प्लग आण. तोवर हे बंद राहील. भटजी, तुम्ही तोंडानंच म्हणा."

आणि दौलतभाऊंकडे न बघता, "तू आठे काय करस? पोर कव्हयनी वाट देखी ऱ्हायनी. मामा शे ना तू?"

पोर केव्हापासून वाट पाहतेय हे ऐकून दौलतभाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. तरी त्यांना पाट दिसेना. मीच दंडाला धरून नेलं.

मंगलाष्टकं माईकशिवाय झाली. पलीकडच्या पाहुण्यांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. मंगलच्या मागे, मामाच्या जागी, दौलतभाऊ उभे राहिले.